मडक्यात न मावणारी माणसं

दादा,

तुझ्या घरी पोचले तेव्हा तू गेलेला होतास. दोन्ही अर्थांनी.

सकाळी शाळेत परिपाठ चालू असताना वहिनीचा फोन आला. "मंदाताई, लगेच निघा," एवढंच म्हणाली आणि तिच्या मागे कुणीतरी रडलं. मी वर्ग शेजारच्या बाईंच्या हवाली केला आणि इगतपुरीच्या स्टँडवर मिळेल त्या गाडीत बसले. वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे रस्त्यावर ट्रक आडवा पडला होता. गाड्यांची रांग हलेना. मी खिडकीशी बसून तुझ्याशी काय बोलायचं ते ठरवत होते. तू मेला आहेस हे मला कळलं होतं, तरी ठरवत होते. किती वर्षांचं साचलं होतं.

तुझ्या कॉलनीत शिरले तर गेटाबाहेर चपलांचा ढीग, अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांवर तुझे कॉलेजातले सहकारी. हॉलमध्ये बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती जळत होती आणि खाली पांढरी चादर अंथरलेली होती. चादरीवर कुणी नव्हतं.

"दादा कुठंय?" मी विचारलं.

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "नेलं. मेडिकल कॉलेजची गाडी येऊन गेली. ह्यांनी देहदान केलं होतं."

"मला न दाखवता?"

"ह्यांनीच बजावून ठेवलं होतं, कुणासाठी थांबायचं नाही. उशीर झाला तर उपयोग होत नाही म्हणाले."

कुणासाठी म्हणजे माझ्यासाठीच ना? तुम्हाला मूलबाळ नाही. आई गेली. रक्ताचं म्हणावं असं तुला माझ्याशिवाय दुसरं होतं कोण? माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ हळहळत म्हणाले, "केवढं मोठं मन! मरतानासुद्धा समाजाचा विचार केला सरांनी." मला पाणी दिलं ते प्यायले. पण खरं सांगते, त्या माणसाच्या अंगावर तो ग्लास फेकावासा वाटला.

कारण दादा, इतर कुणी देहदान केलं असतं तर मीही हात जोडले असते. तू? ज्यांची प्रेतं घरी आली नाहीत अशांच्या घरच्यांनी काय करावं, हा प्रश्न उरावर घेऊन तू अर्धं आयुष्य काढलंस. त्यासाठी चिनी लिपी शिकलास, चीनला जाऊन आलास. आणि शेवटी माझ्या वाट्याला अंथरलेली रिकामी चादर ठेवलीस.

आपल्या घरात ही दुसरी रिकामी चादर, हे तुला ठाऊक होतं.

पहिली आबांची. तू नववीत, मी चौथीत. आबा रेल्वेत गँगमन. इगतपुरीचा पाऊस म्हणजे चार महिने कपडे वाळायचे नाहीत, आणि त्याच पावसात हातात कंदील घेऊन घाटातले रूळ तपासत चालायचं, ही आबांची गस्त. एका पहाटे मोरीपाशी दरड घसरली, वरून लोंढा आला. सोबतचा गडी काठाला फेकला गेला, तो वाचला. आबा सापडले नाहीत. गँगची माणसं ओढ्याकाठाने धरणाच्या पाण्यापर्यंत शोधत गेली. तू त्यांच्याबरोबर गेलास. आई नको म्हणाली तरी गेलास. परत आलास तेव्हा तुझा आवाज पार बसला होता, कारण सगळ्या वाटेने तू हाका मारत गेला होतास. नंतर आठवडाभर तू बोलायचास तर नुसती हवा बाहेर यायची.

वस्तीतली जाणती माणसं पुण्यानुमोदनाचं, गेलेल्यासाठी घ्यायच्या वंदनेचं, विचारायला आली. आईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "मेलेला बगितला का कुनी? मंग कशाचं पुण्यानुमोदन?" माणसं चहा पिऊन गेली. पुढे रेल्वेने आईला दवाखान्यात कामावर घेतलं. ती कामाला जाऊ लागली, आपण शाळेत जाऊ लागलो. वरून सगळं सुरळीत झालं. पण पायरीवर कुणाची वहाण वाजली की आईचा हात थांबायचा. भाकरी थापताना थांबायचा, केस विंचरताना थांबायचा. आपण दोघंही ते बघायचो आणि एकमेकांकडे बघायचो नाही.

तू शिकलास, नाशिकला कॉलेजात इतिहास शिकवायला लागलास. मी डी.एड. करून इगतपुरीतच राहिले, आईजवळ. आपल्यापैकी एकाला राहणं भाग होतं आणि तू कधी विचारलं नाहीस की कोण राहणार.

त्या हिरव्या मडक्याचा फोटो तू मला पहिल्यांदा दाखवलास तो दिवस मला लख्ख आठवतो. मी कामासाठी नाशिकला आले होते. तू स्टाफरूममध्ये टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडून बसला होतास.

"मंदे, हे बघ. चिनी थडग्यातलं आहे. सतराशे वर्षांपूर्वीचं."

हिरवट चकाकीचं मातीचं भांडं. खाली साधं मडकं, पण खांद्याच्या वर जत्रा भरल्यासारखी गर्दी. छपरं, दरवाजे, छपरांवर पाखरं, मेंढरं, माणसं. आणि एका ओळीत मांडी घालून बसलेल्या इवल्या आकृती.

"हे कोण?" मी विचारलं.

"ओळख की."

"बुद्ध?"

"बुद्ध," तू म्हणालास आणि लहान पोरासारखा हसलास.

मग तू तासभर बोलत होतास. चहा गार झाला. त्या जुन्या चिनी लोकांच्या समजुतीत माणसाला दोन आत्मे असायचे. एक हलका, तो वर जायचा. एक जड, तो देहाबरोबर मातीत राहायचा. खालच्याला उपाशी ठेवलं तर तो जिवंतांना छळणार, म्हणून थडग्यात मातीची चूल ठेवायची, मातीची विहीर, धान्याचं कोठार, डुकरांचा गोठा, दाराशी मातीचा कुत्रा. सगळं खेळण्याएवढं, खऱ्या उपयोगाचं नसलेलं, मुद्दाम तसंच केलेलं. आणि माणूस मेला की कुणीतरी त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढायचं आणि उत्तरेकडे तोंड करून त्याला हाक मारायची, परत ये म्हणून. हाक मारून आत्मा आला नाही, तरच तो मेला असं धरायचं. हे सांगताना तुझा आवाज बदलला होता. तू ओढ्याकाठच्या हाकांचा उल्लेख केला नाहीस. मीही केला नाही.

"आणि लढाईत मेला, पुरात वाहून गेला, प्रेतच मिळालं नाही तर?" तू विचारलंस आणि उत्तरही दिलंस. "तर काही लोक आत्म्यालाच हाक मारून आणायचे आणि त्यालाच पुरायचे. पुढे एका राजाने त्यावर बंदी घातली. काही अभ्यासक म्हणतात, हे मडकं त्यासाठीच. आत्म्याला उतरायला घर."

"आणि बुद्ध तिथे काय करतोय? आत्मा नाही असं सांगणारा माणूस आत्म्याच्या मडक्यावर?"

"धम्म तिकडे नुकता पोचत होता गं. त्यांना एवढंच कळलं होतं की लांबून कुणी दयाळू पाहुणा आलाय. मेलेल्याच्या सोबतीला बसवला त्याला."

"अपमान आहे हा."

"अपमान नाही, भीती आहे."

"कसली?"

"आपल्या माणसाला एकटं जाऊ द्यायची."

मला ते पटलं नव्हतं. पुढेही पटलं नाही. तू मला त्रिरश्मी लेण्यांवर घेऊन गेलास, पायऱ्या चढून माझे गुडघे दुखले, आणि तिथल्या शिलालेखापुढे उभी करून म्हणालास, "हे बघ. इथेसुद्धा माणसांनी आईबापांसाठी म्हणून दान कोरून ठेवलंय." मी म्हणाले, दान दिलंय, आत्म्याला घर नाही बांधलं. तू हसलास. आपली भांडणं तेव्हा अशी होती. भांडून झाल्यावर खाली उतरून उसाचा रस प्यायचो. ती भांडणं मला अजून हवी आहेत, हे तुला कुणी सांगितलं नाही. मीच सांगायला हवं होतं असं म्हणशील. तू तरी कुठे विचारलंस?

मग तू वर्षभर चीनला गेलास. आईची पहिली मोठी दुखणी मी एकटीने काढली, ते राहू दे. परत आलास तो एका खोक्यात जुन्या साड्यांत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन इगतपुरीला आलास. तिथे मातीचं काम शिकला होतास आणि इकडे येऊन नाशिकच्या एका भट्टीत भाजून घेतलं होतंस. फोटोतल्यासारखंच मडकं, पण ओबडधोबड. मधे मोठं तोंड, भोवती चार लहान. खांद्यावर आपलं रेल्वेचं क्वार्टर, उतरतं छप्पर, कोंबड्यांचं खुराडं, आईची चूल. एका कडेला मांडी घातलेले बुद्ध. आणि क्वार्टरच्या दाराशी हातात कंदील घेतलेला गँगमन.

आईने चष्मा लावला. अंगठ्याने त्या गँगमनला चाचपलं. "टोपी नाय घातली ह्याला," ती म्हणाली. तुझा चेहरा उजळला. तुला वाटलं, जमलं.

"आई, हे आपण मागच्या जांभळाखाली पुरू या. आबांसाठी."

"कशापायी?"

"त्यांना जागा नाही ना कुठे. आपल्याला नाही."

आईने मडकं तुझ्याकडे सरकवलं. "माजा नवरा मडक्यात मावायचा नाय. आन् बुद्धाला हितं पहाऱ्याला बसवलास व्हय? घिऊन जा हे. मी हाय तवर नाय."

आणि मग तू ते विचारलंस. "मग तू इतकी वर्षं वाट कशाची बघतेस, आई?"

दादा, ते विचारायचा तुला अधिकार नव्हता. वाट बघणाऱ्या बाईच्या शेजारी मी रोज झोपत होते. तू सणावाराला यायचास. आई उठली आणि आत गेली, भिंतीला धरून गेली. मी तुला म्हणाले, "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. तू चिनी श्राद्ध घेऊन आलास."

"श्राद्ध नाही गं मंदे. जागा. रडायला एक जागा."

"त्या चिनी राजानेसुद्धा बंदी घातली होती म्हणालास ना? प्रेत नसलेल्यांना पुरायचं नाही म्हणून?"

"घातली होती."

"शहाणा होता राजा."

तू मडकं परत साडीत गुंडाळलंस. त्या दिवशी जे बोलले त्यातला एक शब्दही मला आज मागे घ्यायचा नाही. धम्म आपल्याला सोयीसाठी मिळालेला नाही. पण तू पुढे जे केलंस ते मी कधीच पोटात घातलं नाही. तू ते मडकं कॉलेजच्या काचेच्या कपाटात ठेवून दिलंस आणि खाली चिठ्ठी लावलीस, 'चिनी आत्मकलश, प्रतिकृती'. आपले आबा प्रतिकृतीत जमा झाले. पोरंपोरी त्या कपाटाला टेकून वडापाव खातात. आबा कंदील घेऊन उभे.

आई गेली तेव्हा तू वेळेवर आलास, खांदा दिलास, सगळं नीट केलंस. दुसऱ्या दिवशी रक्षा गोळा करताना मला बाजूला घेऊन म्हणालास, "मला थोडी दे."

"कशाला?"

"कपाटातलं मडकं घेऊन येतो. दोघं एकत्र राहतील."

"आई नाही म्हणाली होती."

"ती आहे तोवर नाही म्हणाली होती."

वकिलासारखा बोललास. स्मशानात, आईच्या राखेपाशी उभा राहून, तिच्या शब्दातली फट शोधत होतास. मी दिली नाही. आईने मला स्वतः सांगून ठेवलं होतं, राख मातीत मिसळायची आणि वर झाड लावायचं. मी आंब्याचं कलम लावलं. तू जेवायला थांबला नाहीस.

त्यानंतर आपण बुद्धपौर्णिमेला फोनवर बोलायचो. "जय भीम, मंदे. बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "मस्त." तू मस्त नव्हतास. तुझ्या हृदयात काय काय अडकलं होतं ते मला वहिनीकडून आता कळतंय. इतिहासाचा माणूस, हजारो वर्षांपूर्वीच्या मेलेल्यांची चौकशी करत हिंडणारा, सख्ख्या बहिणीला स्वतःचं दुखणं सांगू शकला नाही.

कॉलेजने आदरांजली सभा घेतली. भाषणं झाली. मला बोलायला बोलावलं, मी हाताने नाही म्हटलं. सभा संपल्यावर वहिनी आणि मी मागच्या बाकावर बसलो. ती दमलेली होती, मीही. मी तिला विचारलं, "ह्याने असं का केलं असेल, वहिनी? ह्याने?"

ती म्हणाली, "अहो, तुमच्यामुळेच."

"माझ्यामुळे?"

"सही करून आले त्या दिवशी म्हणाले, मंदाचंच बरोबर होतं. मडकीबिडकी सगळा आपल्या मनाचा खेळ. देह आहे तोवर कामाचा, नंतर पोरांना शिकायला उपयोगी पडेल. मंदा खूश होईल म्हणाले."

दादा, हे तू तिला सांगितलंस. मला नाही. फोन उचलून एकदा म्हणाला असतास, 'मंदे, तुझं खरं होतं,' तर मी काय केलं असतं माहीत आहे? मी तुझ्याशी भांडले असते. म्हणाले असते, एवढ्या लवकर हार मानू नकोस, अजून सांग, त्या मडक्याबद्दल अजून सांग. कारण आई गेल्यावर, आंब्याला पाणी घालताना, तुझं 'रडायला जागा' मला कळायला लागलं होतं. मी माझ्या जागेवरून अर्धी वाट चालून आले होते. तू तुझ्या जागेवरून निघालास ते थेट पलीकडच्या टोकाला पोचलास. तू माझ्या बाजूने मेलास आणि मला तुझ्या बाजूला एकटीला टाकून गेलास.

दुसऱ्या दिवशी मी मेडिकल कॉलेजात गेले. वहिनीला सांगितलं नाही. शरीररचना विभागात एक तरुण डॉक्टर बाई भेटल्या. मी बहीण आहे म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली.

"आम्ही सहसा दाखवत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्रास होईल."

"मला वडील बघायला मिळाले नाहीत," मी म्हणाले. "पुरात गेले. भाऊ तरी बघू द्या."

त्या खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "मुलं पहिल्या दिवशी उभी राहून शपथ घेतात बरं का. या माणसाचा मान राखू म्हणून. फक्त नाव आम्ही त्यांना सांगत नाही."

"इतिहास शिकवायचा," मी म्हणाले. "तेवढं सांगा."

"तेवढंही सांगत नाही हो."

त्या मला आत घेऊन गेल्या. तिखट वास होता, डोळे चुरचुरले. त्यांनी कापड चेहऱ्यावरून बाजूला केलं. डोकं भादरलेलं. कॉलेजात असल्यापासून ठेवलेली तुझी मिशी काढलेली. मिटलेल्या पापण्या खोल गेलेल्या, डोळे तू आधीच देऊन टाकले होतेस. पहिल्या क्षणी मी तुला ओळखलं नाही. मग कान बघितले. आबांचे कान. बसमध्ये ठरवलेलं सगळं मी बोलणार होते. मी तुझ्या कपाळाला हात लावला. ते थंड होतं आणि घट्ट होतं, आणि ते तूच होतास, यात काही शंका उरली नाही.

"झालं?" डॉक्टर बाईंनी हळूच विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

बाहेर येऊन मी जिन्यावर बसले. पोरंपोरी पांढरे कोट घालून हसत-खिदळत वरखाली करत होती. त्यातली कुणी उद्या तुझ्यापुढे उभी राहतील. मला रडू आलं नाही. राग आला. स्वच्छ, भरपूर राग. तू फोन केला नाहीस म्हणून, दुखणं लपवलंस म्हणून, आईला ते विचारलंस म्हणून, माझी वाट न बघता निघून गेलास म्हणून.

आबांवर मला कधी असं रागावता आलं नाही. त्या पावसात ते गस्तीला गेलेच का, आपल्याला टाकून गेलेच का, हे कधी मनात आलं तरी मी ते दाबून टाकायची. कुणास ठाऊक, येतील, आणि मी रागावलेली असले तर? जो परत येऊ शकतो त्याच्यावर माणूस रागावत नाही. आई तर जन्मभर रागावली नाही.

तू परत येणार नाहीस. मी बघून आले आहे. म्हणून तुझ्यावर मी रागावणार आहे, दादा, मला हवे तितके दिवस. तेवढी एक गोष्ट तू मला पुरती देऊन गेलास.